मुक्ताच्या फोनबद्दल

चि. सुहास,


तू पाठवलेली लिंक पाहिली. तुझ्या मुक्ताच्या फोनमध्ये ते चोरून पाळत ठेवणारं ॲप मी टाकणार नाही. दिवाळीत ती माझ्याकडे येईल, फोन सहज हाती लागेल, हा तुझा हिशेब बरोबर आहे. पण मला ते जमायचं नाही.

ॲप टाकायच्या सूचना नीट वाचल्यास का? पहिल्याच पायरीला ते गूगलचं 'प्ले प्रोटेक्ट' बंद करायला लावतं. चोराने आधी कुत्रा बांधून ठेवा म्हणावं, तसं. मग 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी. ज्यांना दिसत नाही, त्यांना स्क्रीन वाचून दाखवण्यासाठी ही सोय आहे. तिच्या आडून ॲप व्हॉट्सॲपसकट सगळं वाचतं. पुढे आयकॉन नाहीसा होतो आणि सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम सर्व्हिस'सारखं एखादं साळसूद नाव तेवढं उरतं.

आमच्या समुपदेशन केंद्रात असे फोन घेऊन बायका येतात. 'मी कुठे गेले, काय बोलले, यांना सगळं आधीच ठाऊक असतं.' ॲप सापडलं तरी आम्ही ते लगेच काढत नाही. माहिती यायची थांबली की नवऱ्याला कळतं, आणि बाईला त्याच घरात परत जायचं असतं. आधी तिच्या राहण्याची सोय, पुरावा, मग ॲप. हे नवरेसुद्धा 'काळजीपोटी' असंच म्हणतात, बरं का.

शिवाय ती माहिती फक्त तुझ्याकडे येईल, या भ्रमात राहू नकोस. ती आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. 'एमस्पाय' या अशाच ॲपचा साठा २०१५ मध्ये फुटला, २०२४ मध्ये पुन्हा फुटला. 'स्पायफोन'ला तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये या धंद्यातूनच हाकललं आणि चोरून जमवलेली माहिती पुसायला लावली. पोरीचे फोटो अशांच्या हवाली करायचे?

फोन तू घेऊन दिलास, कबूल. दिलास म्हणजे तिचा झाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. खटला सरकारविरुद्ध होता म्हणून बापाला मोकळीक मिळत नाही.

रात्रीच्या प्रवासाची धास्ती असेल तर तिलाच सांग. गूगल मॅप्सवर आपण कुठे आहोत हे तिला स्वतःहून कळवता येतं, वाटेल तेव्हा बंदही करता येतं. नाही म्हणाली तर गप्प बस.

आता तू मोबाइलच्या दुकानातल्या एखाद्या पोराला गाठशील, म्हणून आधीच सांगते: प्ले प्रोटेक्ट चालू आहे का आणि ॲक्सेसिबिलिटी कुणाकुणाला दिली आहे, हे कुठे बघायचं, ते या दिवाळीत मी मुक्ताला दाखवणार आहे.

तुझी,
ताई