टोपीला कापूस

गेल्या वर्षी वाढदिवसाच्या टोप्या मी विकत आणल्या होत्या. बारा टोप्यांचं पाकीट. पाच मिनिटांत एकीचं इलॅस्टिक सुटून एका पाहुण्याच्या हनुवटीवर सटकन बसलं. तो रडला, त्याचं पाहून आणखी दोघं रडली. दुकानदारानं मलाच टोपी घातली म्हणायची. यंदा चिरंजीवांना पाच वर्षं पूर्ण होणार होती. आदल्या रविवारीच त्यांनी जाहीर केलं, "माझी टोपी मी करणार. बाबा, तू फक्त काप."

कापायचं म्हणजे आधी मोजणं आलं. आईच्या शिवणाच्या टेपनं डोक्याचा घेर मोजला, 51 सेंटिमीटर. जेवणाचं ताट पिवळ्या कार्डशीटवर पालथं घालून गोल काढला, अर्धा कापला, गुंडाळला. डोक्यावर बसला की बरोबर! पण अर्ध्या गोलाच्या शंकूची तिरपी बाजू जेवढी, तेवढीच तळाची रुंदी. तो दिसतो बसका.

"हे झाकण आहे," चिरंजीव म्हणाले. झाकणच होतं.

मग मला आमच्या लहानपणचा चणेवाला आठवला. त्याचा पुडा निमुळता असायचा, कारण तो कागद कोपऱ्यापासून गुंडाळायचा. तेच करायचं ठरवलं. दुसऱ्या कार्डशीटचा कोपरा हाच मध्यबिंदू, 26 सेंटिमीटरची सुतळी, तिच्या टोकाला पेन्सिल. पाव गोल कापला की टोपी उंच होते आणि डोक्याच्या वरच्या भागावरच टेकते. सुतळीचं टोक कोपऱ्यावर अंगठ्यानं दाबून धरायचं काम चिरंजीवांचं. अंगठा दोनदा घसरला. पेन्सिलीची रेघ मधेच पोट सुटल्यासारखी बाहेर आली. मी ती खोडणार, तर म्हणे, "राहू दे, तिथे माझं कपाळ आहे."

चित्र गुंडाळण्याआधी काढायचं, एवढं मला कळत होतं. सपाट कागदावर हात चालतो, शंकूवर मुलांचा खडू घसरतो. त्यानं कागदाच्या सरळ कडेला धरून लाल एसटी काढली. अकरा खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक तोंड, ड्रायव्हरला मिशा. मी चहा टाकायला गेलो होतो, तेवढ्यात हे झालं. टोपीत मात्र ती सरळ कड जाते उभी, तळापासून शेंड्यापर्यंत. गुंडाळून पाहिलं तर एसटी नाक वर करून थेट आकाशाकडे निघालेली. आता रडारड होणार, म्हणून मी दुसरा कागद शोधायला लागलो. त्यानं टोपी हातात फिरवून नीट पाहिली.

"बाबा, घाट लागला!"

कोकणात आजोळ असल्याचा असाही फायदा.

चिकटवणं हा खरा छळ. फेविकॉल सुकायला वेळ घेतो आणि कार्डशीटला उलगडायची घाई असते. दोघांनी जोड दाबून धरला, दहापर्यंत मोजलं, सोडला, टोपी फटकन उघडली. पुन्हा धरली. शेवटी दोरीवरचे कपड्यांचे चार चिमटे काढून जोडावर लावले. स्टेपलर मी मुद्दाम टाळला. त्याच्या पिनेचं टोक आतल्या बाजूला राहिलं तर नेमकं डोक्यालाच टोचतं. टोपी सुकेपर्यंत मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद निघाला, गेल्या राखीचे मणी निघाले, आईच्या टिकल्यांचं अख्खं पाकीट संपलं. ("मला विचारलंत?" असं स्वयंपाकघरातून आलं. विचारलं नव्हतं.) इलॅस्टिकऐवजी दोन बाजूंना आतून चिकटपट्टीचे तुकडे लावून, त्यांतून भोकं पाडून, नाडी ओवली.

शेंड्याला गोंडा हवा होता. लोकर घरात नव्हती. तो देवघरातून आजीचा वातींचा कापूस घेऊन आला आणि त्याचा गोळा फेविकॉलमध्ये बुडवून टोकावर दाबला. अर्धा कापूस बोटांनाच चिकटला.

वाढदिवसाला सकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी. आजीनं कपाटातून जरीची टोपी काढून ठेवली होती. मुलग्याला उघड्या डोक्यानं ओवाळायचं नाही, हा तिचा नियम. त्याच टोपीत मीही ओवाळून घेतलंय. चिरंजीव आपली एसटीची टोपी घालून पाटावर बसले आणि जरीच्या टोपीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी आजीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"डोकं झाकलंय ना? मग झालं," ती म्हणाली. कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली. निरांजन मात्र नेहमीपेक्षा वीतभर लांबून ओवाळलं. कागद आणि कापूस, तिला माझ्याआधी सुचलं. अक्षता टाकल्या, त्या घाटावरून घरंगळत माझ्या मांडीवर आल्या.

"कापसासारखा म्हातारा हो," म्हणत तिनं तबकातला कापूस उचलला, शेंड्यावरच्या गोंड्याकडे पाहिलं आणि परत तबकात ठेवला.

"हा आधीच झालाय की."