सिगारेटच्या पोस्टरवरून आलेली राधा

चि. मुक्तास,


रूथ सेंट डेनिस या अमेरिकन नर्तकीने १९०४ मध्ये बफेलो शहरात ‘इजिप्शियन डीटीज’ या सिगारेटचे पोस्टर पाहिले. त्यावरच्या आयसिस देवीवरून तिने इजिप्तविषयक नृत्याचा बेत आखला. पण १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर प्रत्यक्षात उभी राहिली ती ‘राधा’. मंदिरातली मूर्ती सजीव होते, पंचेंद्रियांच्या सुखांचे नृत्य करते आणि विरक्त होऊन पुन्हा मूर्ती होते, असे तिचे कथानक होते. त्यात कृष्ण नव्हता. संगीत ‘लाक्मे’ (१८८३) या फ्रेंच ऑपेरातले, म्हणजे तेही युरोपनेच रंगवलेल्या भारताचे होते. पुजारी म्हणून मात्र न्यूयॉर्कमधलेच काही भारतीय बसवले होते. त्यांच्यामुळे सगळा देखावा प्रेक्षकांना अस्सल वाटे.

मार्गारेता झेले या डच स्त्रीने वेगळा मार्ग धरला. ती काही वर्षे जावा-सुमात्रात राहिली होती. १३ मार्च १९०५ रोजी ती पॅरिसच्या गिमे संग्रहालयात ‘माता हारी’ या नावाने नाचली आणि आपण भारतातल्या देवळात वाढल्याची कथा तिने पसरवली. आशियाई कलावस्तूंच्या त्या संग्रहालयामुळे कथेला विद्वत्तेचे वजन मिळाले.

उरलेले काम कॅमेऱ्याने केले. रत्नजडित वक्षपट्टी घातलेल्या माता हारीची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली. उत्तर आफ्रिकेतले स्टुडिओही पैसे देऊन बसवलेल्या स्त्रियांना दागिने घालून त्यांची छायाचित्रे ‘अमक्या जमातीची स्त्री’ अशा मथळ्याखाली विकत. रंगमंचावरची कल्पना प्रेक्षागृहात संपे. छायाचित्रात तीच पुरावा म्हणून घरोघर जाई.

त्याच काळात भारतात देवळांतल्या खऱ्या नर्तकींचे, म्हणजे देवदासींचे, नाचणे बंद करण्याची चळवळ चालू होती. मद्रासकडे ती १८९० च्या दशकात सुरू झाली. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा १९३४ मध्ये झाला.

पुढे भारतीय कलावंत पाश्चात्त्य रंगमंचावर आले, तेही आधीच रुळलेल्या चौकटीतून. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार उदय शंकर १९२३ मध्ये लंडनमध्ये रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाबरोबर कृष्ण म्हणून नाचले. शास्त्रोक्त नृत्यशिक्षण त्यांच्यापाशी तेव्हा नव्हते. १९३१ मध्ये त्यांनी स्वतःच्या संचासह पॅरिसमध्ये कार्यक्रम केला. वाद्यवृंदात सरोदवादक तिमिर बरन आणि गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य विष्णुदास शिराळी होते. पाश्चात्त्य प्रेक्षकांना हव्या असलेल्या देवदेवता कायम राहिल्या. त्यांचे संगीत आणि हालचाली ठरवणारे मात्र आता भारतीय होते.

तुझी,
मावशी