अब्बांच्या जावाचा फ्लोट

अब्बांनी आपली 1969 सालची जावा मोटारसायकल आमच्या हवाली केली, तेव्हा एकच ताकीद दिली होती : "रात्री पेट्रोलचा कॉक बंद करत जा." आम्ही पेशाने शिक्षक. दिवसभर मुलांना ताकिदी देतो, पण स्वतः ऐकण्याची सवय उरलेली नाही. कॉक आम्ही कधीच बंद केला नाही.

गेल्या वर्षी टाकीतले पेट्रोल रातोरात कमी होऊ लागले. संध्याकाळी काडी घालून पाहावे तर अर्धी टाकी, सकाळी त्याहून कमी. त्या दिवसांत आमचा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहत होता. एका सकाळी नाश्त्याला सगळे बसलेले असताना आम्ही त्याला विचारले, "पेट्रोल कुणाला देतोस?"

"मामू, मी गाडीला हातसुद्धा लावला नाही."

आम्ही नुसती मान हलवली. पोराने चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. त्या दिवसापासून तो आमच्याशी कामापुरते बोलू लागला.

पुढे गाडी सुरू व्हायलाच त्रास देऊ लागली. प्लग काढावा तर ओला आणि काळा. शेवटी ढकलत जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी कॉक बंद केला, मग कार्बोरेटर उघडून फ्लोट काढला. पितळेच्या दोन पातळ वाट्या जोडून केलेला पोकळ डबा तो. कानाजवळ हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होते!

मिस्त्रींनी आम्हालाच शिकवणी दिली. वाटीत पेट्रोल भरत जाते तसा फ्लोट वर तरंगतो आणि सुईने वाट बंद करतो. फ्लोटला भोक पडले की तो जड होऊन बुडतो, सुई उघडीच राहते आणि पेट्रोल बाहेर वाहते. मग त्यांनी फ्लोट गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला. विस्तव जवळ आणला नाही. आतल्या पेट्रोलची वाफ होऊन एका पोचाजवळून बारीक बुडबुडे निघाले.

"सर, टिकलर जोरात ठोकता ना?"

ठोकत होतो. थंड गाडी सुरू करताना रोज सकाळी. टिकलरची काडी थेट फ्लोटवर बसते. भोक आम्हीच पाडले होते. अंगणातला तेलकट डाग आम्ही गिअरबॉक्सचा समजत होतो. पेट्रोल उडून जात होते आणि त्यात मिसळलेले ऑईल तेवढे मागे राहत होते.

"डाग देऊन चालेल का?" आम्ही विचारले. मिस्त्री म्हणाले, आत पेट्रोल असताना डाग देणे म्हणजे आगीशी खेळ. शिवाय कथलाच्या वजनाने फ्लोट खाली बसतो आणि पेट्रोलची पातळी वाढते. म्हैसूरचा कारखाना 1996 सालीच बंद पडलेला. नवा फ्लोट मिळायला आठ दिवस लागले. तोही मिस्त्रींनी आधी गरम पाण्यात बुडवून पाहिला. सुईच्या टोकावर झिजेची रेघ पडली होती, म्हणून सुईही बदलली. फ्लोट कुठे घासत नाही ना, हे बोटाने वरखाली करून पाहिले. मग कॉक उघडून खाली कागद ठेवला. पंधरा मिनिटांनी कागद कोरडाच होता.

जुना फ्लोट आम्ही खिशात घालून घरी आणला. इल्जाम सगळ्यांसमोर केला होता, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. रात्री जेवायला सगळे बसल्यावर फ्लोट भाच्यासमोर ठेवला. म्हटले, "बेटा, चोर हा आहे. आणि याला बिघडवणारे आम्ही. आम्हाला माफ कर."

तो काही बोलला नाही. फ्लोट कानाजवळ नेऊन हलवला आणि परत ठेवला. जेवण झाल्यावर अंगणात गेला. आम्ही खिडकीतून पाहिले, तो वाकून कॉक बंद करत होता.

आता कॉक आम्ही स्वतः बंद करतो. भाचा पूर्वीसारखा बोलू लागला आहे. पण गाडीची चावी पुढे केली, तर अजूनही घेत नाही.