काकांच्या नावाचं लाइट बिल

मानखुर्द स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आधारमधली दुरुस्ती, पॅन, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवणं, शाळेच्या 25 टक्के जागांचे अर्ज, असं सगळं इथं होतं. व्हिसाची भाषा आमच्याकडे यायची ती आखातात निघालेल्या वेल्डर-प्लंबर मुलांमुळे. म्हणजे इथून बाहेर जाणाऱ्यांची. बाहेरून इथं येणाऱ्याचेही काही कागद इथल्याच माणसाला जमवावे लागतात, हे मला शेजारच्या सोसायटीतल्या काकूंमुळे कळलं.

2019 सालचा पावसाळा होता. काका जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलगा पुण्याला. दोन खोल्यांच्या घरातली एक खोली काकू विद्यार्थिनींना द्यायच्या. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथून जवळ. संस्था 1936 सालची, 1954 पासून देवनारला आहे. तिथं शिकायला देशभरातून मुलं येतात, काही परदेशातूनही. होस्टेल सोडलं की गोवंडी, चेंबूर, मानखुर्दमध्ये खोली शोधतात. त्या वर्षी काकूंकडे केनियाची एक मुलगी आली. एमएचं दुसरं वर्ष.

ती सामान घेऊन आली त्याच संध्याकाळी काकू दुकानात. "अगं, ही म्हणते मला सरकारला कळवायला लागेल. चोवीस तासांत. पोलिसांचं काही लफडं आहे का?"

लफडं काही नव्हतं. परदेशी माणूस ज्याच्या छताखाली राहतो, त्याने 24 तासांच्या आत कळवायचं, असा नियम आहे; तेव्हा त्यासाठी 'फॉर्म सी' भरावा लागे. पाहुण्याचं नाव, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, किती दिवस राहणार, एवढीच माहिती. मोठ्या हॉटेलवाल्यांचा हा रोजचा उद्योग. पण घरात भाडेकरू ठेवणाऱ्या बाईलाही तो लागू आहे, आणि फुकट राहणाऱ्या पाहुण्यासाठीही. काकूंना हे पटेना. "माझ्या नणंदेची अमेरिकन सून गणपतीला येऊन आठ दिवस राहिली, तेव्हा तर कुणी काही म्हटलं नाही!" मी म्हटलं, "काकू, ते आता बोलू नका." 

आधी घरमालकाने पोर्टलवर स्वतःची नोंद करायची, मग पाहुण्याची. काकूंचा मोबाइल, माझा कॉम्प्युटर, मुलीचा पासपोर्ट. फॉर्म गेला. काकूंनी छापलेली प्रत चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली.

खरं काम पुढेच होतं. मुलीला पहिल्या वर्षापुरताच व्हिसा मिळाला होता आणि तो संपत आला होता. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला भारतात उतरल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, म्हणजे एफआरआरओकडे, नाव नोंदवावं लागतं. ते तिने पहिल्याच वर्षी केलं होतं, होस्टेलच्या पत्त्यावर. आता पत्ता बदलल्याचं कळवायचं होतं आणि व्हिसाही वाढवून घ्यायचा होता. मुंबईचं हे कार्यालय सीएसएमटीजवळ, झेवियर्स कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर. पूर्वी तिथं जाऊनच सगळं करावं लागे. 2018 मध्ये ई-एफआरआरओ सुरू झालं, तेव्हापासून अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, परवानगीही ईमेलवर. बोलावलं तरच जायचं. त्यामुळे जे काम फोर्टात व्हायचं, ते माझ्या दुकानात येऊन बसलं.

मी यादी काढली. पासपोर्ट, चालू व्हिसा, फोटो, संस्थेचं बोनाफाइड, खर्चाची सोय कशी आहे त्याचा पुरावा. हे सगळं मुलीच्या फाइलमध्ये क्रमाने लावलेलं होतं. शेवटची ओळ राहण्याच्या पुराव्याची: भाडेकरार आणि ताजं लाइट बिल.

काकूंनी बिल आणलं. बिलावर नाव काकांचं.

आमच्याकडे हे इतकं सर्रास आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बिल येतं, भरलं जातं, वीज चालू राहते. बिलावरचं नाव हयात आहे का, हे विचारायची वेळच येत नाही. पण एका परदेशी मुलीचा व्हिसा त्या बिलाला टांगला गेला आणि काकूंना पहिल्यांदा सिद्ध करावं लागलं की त्या राहतात ते घर त्यांचंच आहे.

करार तरी काकूंच्या नावाने कसा करायचा? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून काकाच. काकू नॉमिनी होत्या, पण नाव चढवायचा अर्ज कुणी केलाच नव्हता. मग महापालिकेच्या एम पूर्व विभाग कार्यालयातून मृत्यू दाखल्याच्या प्रती आणल्या. मुलाचं 'माझी हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र पुण्याहून आलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कमिटीसमोर विषय ठेवला आणि सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला एकदाचं काकूंचं नाव लागलं.

पुढे लीव्ह अँड लायसन्सचा करार. हल्ली तो एजंट घरी येऊन करतो, यंत्रावर अंगठा लावला की झालं. पण त्या नोंदणीला आधार लागतं आणि मुलीकडे आधार नव्हतं. दुकानात बसलेल्या एका रिक्षावाल्याने विचारलं, "फॉरेनरला आधार कसं मिळेल?" मिळतं. कायद्यात आधार रहिवाशासाठी आहे, आणि आधीच्या 12 महिन्यांत 182 दिवस इथं राहिलेला माणूस रहिवासी धरला जातो, मग तो कुठल्याही देशाचा असो. आधार म्हणजे नागरिकत्वाचा दाखला नव्हे, हे कार्डासोबतच्या कागदावर छापलेलंही असतं. पण आता नवं आधार काढत बसायला वेळ नव्हता. काकू आणि मुलगी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि करार नोंदवून आल्या.

व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला. थोड्या दिवसांनी ईमेलवर विचारणा आली: घरमालकाचं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं आहे, खुलासा करावा. विचारणारच. आम्ही बिल, मृत्यू दाखला, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं पत्र अशी साखळी एकाच पीडीएफमध्ये जोडून चढवली. केनियाच्या मुलीच्या अर्जात काकांचा मृत्यू दाखला! ती स्क्रीनकडे बघत काकूंना म्हणाली, "आँटी, अंकल मला मदत करतायत." काकू हसल्या आणि मग जरा वेळ गप्प बसल्या.

परवानगी आली तेव्हा मला माझे वडील आठवले. आमचं घर कुर्ल्याला रुळांच्या कडेला होतं. रेल्वेचे मार्ग वाढवायच्या प्रकल्पात रुळांलगतच्या झोपड्या हटल्या आणि हजारो कुटुंबांना मानखुर्दला, लल्लूभाई कंपाउंडमध्ये 225 चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या. आम्हीही त्यातलेच. सर्व्हेला माणसं यायची तेव्हा वडील प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवत. या शहरात झोपडपट्टीतल्या माणसाला आधी 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000 या तारखेआधीचा पुरावा मागितला गेला. नागरिक असून त्यांना 'तुम्ही इथं केव्हापासून राहता' याचं उत्तर आयुष्यभर तयार ठेवावं लागलं. या मुलीला तोच प्रश्न होता, पण तिच्या प्रश्नाला यादी होती, मुदत होती, आणि उत्तर मिळालं की नाही हे ईमेलने कळत होतं. इतकी स्वच्छ वागणूक वडिलांना कधी मिळाली नाही, हे त्या दिवशी मला खुपलं. मुलीबद्दल असूया मात्र वाटली नाही. तिच्यामुळे काकूंचं घर कागदोपत्री काकूंचं झालं होतं.

त्यानंतर असली कामं माझ्याकडे येऊ लागली, आणि व्हिसाचे प्रकार मी गिऱ्हाइकांकडून शिकले. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांकडे परदेशी स्वयंसेवक येतात. बरेचसे 2014 मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन ई-टुरिस्ट व्हिसावर. त्यावर बिनपगारी स्वयंसेवा चालते, पण फार तर महिनाभर. तीस दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा वाढवून मिळत नाही. वस्तीत सर्वेक्षण करून प्रबंध लिहायचा तर रिसर्च व्हिसा वेगळा. नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट, उपचारांसाठी मेडिकल, भारतीयाशी लग्न करून राहणाऱ्यांसाठी एंट्री व्हिसा. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली की ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्डाचा अर्ज करता येतो आणि मग नोंदणीच्या फेऱ्या सुटतात. एका आजोबांना अमेरिकेत जन्मलेल्या नातवाला ओसीआय घ्यायचं होतं. "माझ्याच घरी यायला त्याला परवानगी?" म्हणून ते माझ्यावरच चिडले. आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा. भारत-नेपाळ करार 1950 चा, त्यामुळे त्याला व्हिसाच लागत नाही. या सगळ्या गप्पा तो दारात उभा राहून मजेत ऐकतो.

1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा आला. त्यातला एक 1920 चा होता, एक 1946 चा. पण घरमालकाने पाहुण्याची माहिती द्यायची, हे कलम राहिलंच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की व्हिसा देताना पाहुण्याला जशा सूचना मिळतात, तशी एक साध्या मराठीतली सूचना घर देणाऱ्यालाही मिळावी. अर्धा भार तोच उचलतो. परदेशी मुलाला खोली नाकारणारी माणसं पुष्कळदा त्या मुलाला घाबरत नसतात, स्वतःच्या अर्धवट कागदांना घाबरत असतात.

काकू आता घाबरत नाहीत. लाइट बिलही त्यांच्या नावावर झालं आहे. मध्यंतरी एक युरोपियन मुलगा खोली बघायला आला. सहा महिने राहून वस्तीवर प्रोजेक्ट करणार म्हणाला. काकूंनी त्याला पाणी दिलं, पासपोर्ट मागितला, चष्मा लावून व्हिसाचा कागद वाचला आणि मला फोन लावला.

"अगं, हा टुरिस्टवर आलाय आणि रिसर्च करायचं म्हणतोय. त्याला इंग्रजीत नीट सांग, की बाबा, आधी परत जा, बरोबर व्हिसा घेऊन ये. खोली मी डिसेंबरपर्यंत धरून ठेवते. डिपॉझिट मात्र आत्ता."