सर्वानुमते

अजमल खान रस्ता किती रुंद आहे, हे फक्त सोमवारी कळत असे. एरवी तो माणसांनी, हातगाड्यांनी आणि दुकानांतून बाहेर आलेल्या मालाने पुरता झाकलेला असायचा. दिल्लीच्या १९५४ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाजारांना आठवड्यातला एक दिवस बंद पाळावा लागे आणि तो वार वस्तीगणिक वेगळा होता. सदर बाजाराला रविवार, करोल बागेला सोमवार. मेट्रो येथे २००५ च्या अखेरीस पोचली. त्याच्या बऱ्याच आधी मी बीडनपुऱ्याजवळच्या एका दागिन्यांच्या पेढीत हिशेब लिहीत होतो. बैठका बोलावणे आणि त्यांचे इतिवृत्त लिहिणे हेही काम माझ्याकडेच होते.

बैठकीची माणसे पाच: मालक, त्यांचे करसल्लागार, सदर बाजारातले डब्या पुरवणारे व्यापारी, कारागिरांचे बंगाली प्रमुख आणि गलाईचे काम करणारे आबा. या पाचांची वेळ जुळवणे पत्रिका जुळवण्याहून अवघड. एकाला फोन करावा तर दुसऱ्याची वेळ मोडे. दुसऱ्याची जुळवावी तोवर पहिला परगावी गेलेला असे. अखेर मी सोपा मार्ग काढला. सोमवारी करोल बाग बंद, म्हणून इथली माणसे मोकळी. मालकांना अकरा सोयीचे, म्हणून वेळ अकराची. फोन वाचले, माझी दगदग वाचली. मालकांनी पाठ थोपटली.

आबा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. त्या दुष्काळी मुलखातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी माणसे देशभर पांगली आहेत. कारखान्यातली झाडलोट, राख, घासकामाचा कीस हे सारे भट्टीत घालायचे, मुशीत आटवायचे, तेजाबाने शुद्ध करायचे आणि हरवलेले सोने ज्याचे त्याच्या हाती परत द्यायचे, असा हा धंदा. एकदा भट्टी पेटली की उठून जाता येत नाही. बैठकीत आबा दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि विचारल्याखेरीज बोलत नसत.

एका सोमवारी ते आले नाहीत. नेमका त्याच दिवशी गलाईच्या मजुरीत कपात करण्याचा विषय निघाला. दहा मिनिटांत निर्णय झाला. मी इतिवृत्तात लिहिले, ‘सर्वानुमते मंजूर.’ लिहिताना हात अडखळला नाही. तो शब्द हाताच्या सवयीचा होता.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आबांनी तो सावकाश वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

“काल आला नाहीत, आबा?”

“सोमवारीच भट्टी थंड असती, साहेब. तेवढाच एक दिवस आपला. बँक, दवाखाना, पोराची शाळा, समदं त्याच दिवशी. काल पोराला तापानं धरलं हुतं.” मग थोडे थांबून म्हणाले, “इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

मी ज्याला सर्वांचा मोकळा दिवस समजत होतो, तो त्यांचा सर्वांत भरलेला दिवस होता. आणि माझ्या सोयीची किंमत त्यांच्या मजुरीतून वळती झाली होती.

त्यानंतर मी वहीत आठवड्याचे चौकोन आखू लागलो. ज्याला जी वेळ अशक्य, तिच्यावर त्याने फुली मारायची. वही आधी आबांकडे, मग कारागिरांच्या प्रमुखाकडे, आणि सर्वांत शेवटी मालकांकडे जाई. ज्याची वेळ त्याच्या हातात सर्वांत कमी, त्याला पहिली फुली. मालक प्रथम रागावले. पण त्यांची भेट पुढे ढकलता येत होती, पेटलेली भट्टी नव्हे. हे त्यांनाही पटले. फुल्यांतून एकच चौकोन उरला: बुधवारी संध्याकाळी साडेसात, भट्टी विझल्यानंतरचा. त्या बैठकीत दराचा विषय मी पुन्हा मांडला. आबांनी इंधनाचा आणि तेजाबाचा खर्च तोंडपाठ सांगितला. कपात रद्द झाली नाही, निम्मी झाली.

भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ अनेक वर्षे सोडली नाही. न विचारता हाती दिलेले घड्याळ माणसे मनाने स्वीकारीत नाहीत. आज मोबाइलवरची दिनदर्शिका पाच जणांचे रिकामे चौकोन क्षणात जुळवून देते. ही सोय मोठीच आहे. परंतु ज्याने आपला दवाखाना तेथे लिहिलेला नाही, त्याचाही चौकोन कोराच दिसतो. त्याला विचारण्याचे काम यंत्राने आपल्याकडून घेतलेले नाही.

‘सर्वानुमते’ हा शब्द मी पुढेही पुष्कळदा लिहिला. मात्र लिहिण्यापूर्वी एकदा दाराजवळच्या खुर्चीकडे पाहून.