आत्या, कॉम्प्युटर पुन्हा सुरू कर

प्रिय आत्या,


तू कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली आहेस आणि ओव्यांचं काम पुन्हा वहीत सुरू केलं आहेस, असं दादाकडून कळलं. वहीला माझी हरकत नाही. पण सातारा-वाईकडच्या बायांकडून तू वर्षानुवर्षं जमवलेल्या ओव्या, सांगणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट तू टाइप करून घेत होतीस. ते काम कुणा चोराच्या एका मेलमुळे थांबावं, हे मला पटत नाही. तुला विचारूनच हे पत्र उघड लिहिते आहे. तुझ्या वयाच्या कितीतरी माणसांवर हीच वेळ आली आहे, आणि त्यांतली बरीचशी गप्प बसली आहेत.

आधी झालं काय ते नीट पाहू. ‘मेलबॉक्स भरली आहे, आज रात्री बंद होईल, जागा वाढवायला लॉगिन करा’ असा मेल तुला आला. लिंकवरचं पान हुबेहूब होतं, पण खोटं होतं. तिथे टाकलेला पासवर्ड चोराला मिळाला आणि तुझ्या नावाने सगळ्या नातेवाइकांना मेल गेले: मी दवाखान्यात आहे, फोनवर बोलता येत नाही, ताबडतोब पैसे हवेत. लोकांनी काळजीने उत्तरं पाठवली. तुला त्यांतलं एकही दिसलं नाही. ‘मग ती गेली कुठे?’ असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण सगळी खोच तिथे आहे.

जीमेलमध्ये ‘फिल्टर’ नावाची सोय असते. अमुक शब्द असलेला मेल आला की तो परस्पर तमुक ठिकाणी टाक, असा नियम त्यात लिहून ठेवता येतो. चोराने तसा नियम लिहिला होता: पैसे, बँक, दवाखाना असले शब्द दिसले की मेल सरळ ट्रॅशमध्ये. शिवाय ‘फॉरवर्डिंग’मध्ये एक अनोळखी पत्ता घातला होता, म्हणजे तुला येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे जात होती. पासवर्ड बदलला तरी हे नियम पुसले जात नाहीत. लोक पासवर्ड बदलतात, सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढे कित्येक महिने त्यांची पत्रं दुसराच कुणी वाचत असतो.

मी आले होते तेव्हा ते दोन्ही काढून टाकले. पण ते कुठे असतं हे तुलाही माहीत हवं. कॉम्प्युटरवर जीमेल उघड, वर उजवीकडे दातेरी चक्र आहे, त्यातून ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये जा. ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ असे दोन वेगळे भाग दिसतील. तू न लिहिलेली ओळ तिथे दिसली तर पुसून टाक. फोनवरच्या ॲपमध्ये हे सगळं करता येत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरच लागतो. नंतर गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ पानावर तुझा मेल कोणकोणत्या उपकरणांवर उघडा आहे त्याची यादी बघ. ओळखीचं नसलेलं उपकरण दिसलं तर तिथून साइन आउट कर. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा मेल तुझेच आहेत ना, हेही तपास. चोर तेही बदलून ठेवतात.

इतका भर मी मेलवरच का देते आहे? वीजबिल, विमा, म्युच्युअल फंड, अशा बहुतेक ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारली की नवा पासवर्ड बनवण्याची लिंक मेलवरच येते. म्हणजे तुझा मेल ज्याच्या हाती गेला, त्याला बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड घरबसल्या बदलता येतात. एकच गोष्ट जपण्याइतकं बळ तुझ्यात असेल, तर तुझा मेल जप.

‘मी शिकलेली बाई, चाळीस मुलांच्या वर्गात कॉपी पकडणारी, मला कसं कळलं नाही?’ हे तुझं वाक्य मला फार लागलं. आत्या, पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, पोस्टमन ते तपासून पाहत नाही. मेलही तसाच घडवला गेला. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याचे नियम लिहिले, तेव्हा त्या जाळ्यात काहीशेच संगणक होते आणि बहुतेक सगळे विद्यापीठांतले, संशोधनसंस्थांतले नाही तर लष्कराचे. पाठवणारा खरं नाव सांगतोय का, हे तपासायची तरतूद त्या नियमांत नव्हती, आणि आजचा मेल त्याच पायावर उभा आहे. पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता पडताळण्याच्या पद्धती आल्या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. पण ही पडताळणी फक्त पत्ता खरा आहे एवढंच सांगते. पाठवणाऱ्याची नियत ती कशी सांगणार? तुझ्या नावाने गेलेले मेल तर तुझ्याच खात्यातून निघाले होते, त्यामुळे ते प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण झाले.

४ मे २००० ला फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ नावाचा मेल आठव. वर्तमानपत्रांनी तेव्हा पानं भरली होती. सोबत प्रेमपत्राची फाइल आहे असं वाटायचं. नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ दिसायचं, आणि त्यापुढचं खरं शेपूट, ‘व्हीबीएस’, विंडोज लपवून ठेवायचं. फाइल उघडली की तो मेल आपोआप पत्त्याच्या वहीतल्या सगळ्यांना जायचा, म्हणजे प्रत्येकाला तो ओळखीच्या माणसाकडून यायचा. ब्रिटिश संसदेलासुद्धा आपली मेलव्यवस्था बंद करावी लागली होती. तिथेही शिकलेलीच माणसं होती. ओळखीच्या नावावर विश्वास ठेवणं हा माणसाचा स्वभाव आहे आणि चोर नेमका तोच वापरतो.

‘पण अँटीव्हायरस होता ना?’ असंही तू म्हणालीस. अँटीव्हायरस हवाच. रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी पुण्यात क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी केली. थोरले कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या संजयनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. आपल्या जिल्ह्याने याचा अभिमान बाळगावा. पण तुझ्या बाबतीत कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाच नव्हता. एका पानावर पासवर्ड लिहिला गेला, एवढंच. अशी पानं काही तासांपुरती उघडतात आणि बंद होतात, त्यामुळे अँटीव्हायरसच्या यादीत येण्याआधीच त्यांचं काम झालेलं असतं. त्यावर खरा उपाय दोन टप्प्यांच्या पडताळणीचा. नुसता पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवरच्या होकाराशिवाय खातं उघडत नाही. मात्र तू स्वतः लॉगिन करत नसताना फोनवर तशी विचारणा आली, तर ‘नाही’च दाबायचं. फोन हरवला तर अडायला नको, म्हणून गूगल आठ आकडी दहा कोड देतं. ते छापून मी तुझ्या कपाटात ठेवले आहेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोनवर कुणालाही वाचून दाखवू नकोस, मी मागितले तरी.

पासवर्ड डायरीत लिहिण्यावरून घरात सगळे तुला बोलतात. मी नाही बोलणार. दूरदेशीच्या चोराला तुझ्या कपाटातली डायरी वाचता येत नाही. धोका आहे तो एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात. एका दुकानाच्या साइटवरून तो फुटला की चोर तोच मेलवर लावून बघतात. शिवाय अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ पासून दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, असं सांगितलं आहे. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिही. तुझ्याकडे शब्दांची काय कमी?

बँकेच्या मेलमधल्या लिंकबद्दल एक नवी, कामाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायच्या होत्या. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन जोड तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोध आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाच. तिथे ‘डॉट बँक डॉट इन’ असेल तर ठीक. त्याच्यापुढे आणखी ‘डॉट कॉम’ वगैरे काही चिकटवलेलं असेल, तर तो पत्ता बँकेचा नाही, सुरुवातीला बँकेचं नाव कितीही ठळक असलं तरी. आणखी एक: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं किंचाळणारं पान आलं, तर ऑल्ट आणि एफ४ दाबून ते बंद कर. बंद झालं नाही तर बटण दाबून कॉम्प्युटरच बंद कर. फोन मात्र करायचा नाही.

आता कठीण गोष्ट. तुझा मेल बघून धाकट्या काकांनी पैसे पाठवले आणि फसवणूक कळल्यावर संकोचाने कुणाला सांगितलं नाही. तुलाही काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं, तूही गप्प राहिलीस. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम अडवली जाते. पण ती रक्कम खात्यामागून खात्यात पळत असते, तासातासाने हाताबाहेर जाते. काकांचे थोडेच अडवता आले, ते या गप्प बसण्यामुळे. मला तुम्हा दोघांवर राग नाही, पण वाईट फार वाटलं. पुन्हा असं झालं तर रात्री दोन वाजताही आधी १९३० ला फोन कर, मग बँकेला, मग मला. लाजायचं असेल तर चोराने लाजावं.

तुझ्या मशीनवर विंडोज १० आहे. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नवं मशीन आपण दिवाळीपर्यंत घेऊ. तोवर बँकेचं काम त्यावर नको.

आणि ओव्या. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, एकाच डिस्कवर आहेत, याची मला चोरापेक्षा जास्त भीती वाटते. चोर एखादेवेळी येईल, डिस्क तर कधी ना कधी जाणारच. दोन पेनड्राइव्ह कुरियरने पाठवले आहेत. दोन्हींवर फोल्डर कॉपी कर आणि झालं की लगेच काढून घे. पेनड्राइव्ह लावून ठेवला आणि फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागणारा प्रोग्रॅम शिरलाच, तर तो त्यालाही सोडत नाही. एक कपाटात ठेव, दुसरा दादाकडे दे. तिसरी प्रत मला मेलने पाठव. आलेली फाइल उघडण्याआधी मी तुला फोन करून विचारेन, ‘तूच पाठवलीस ना?’ दरवेळी विचारेन. तूही माझ्या मेलला असंच विचार.

तुझी लाडकी भाची