'द' की 'हेत'?

आमची सूनबाई डच आहे. ती लायडनला राहते आणि शब्दांना चिठ्ठ्या लावण्याचे काम करते. लोदला शेजारणींना हे सांगितले की त्या आधी हसतात, मग विचारतात, याचा पगार मिळतो का? मिळतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता दोन महिने तिच्याकडे राहून आलो, तेव्हा हे काम जवळून पाहिले. मराठी शाळेत शिकून हिब्रूत संसार केलेल्या आपल्या वाचकांना ते रुचेल, म्हणून हा लेख.

डच भाषेतले शब्द संगणकाच्या कोठारात साठवलेले असतात आणि प्रत्येक शब्दापुढे रकाने असतात. नामाला पाच: सामान्यनाम की विशेषनाम, एकवचन की अनेकवचन, साधे रूप की लघुरूप, लिंग आणि विभक्ती. नेदरलँड्स आणि फ्लँडर्स, म्हणजे बेल्जियमचा डच बोलणारा भाग, यांनी मिळून १९९८ साली बोलण्यातल्या डच भाषेचा मोठा संग्रह करायला घेतला, त्यासाठी हे रकाने आखले. २००४ साली तो बाहेर आला. त्यात सुमारे ९० लाख शब्द आहेत. आधी यंत्र चिठ्ठी लावते, मग माणूस ती तपासतो.

विभक्तीचा रकाना जवळजवळ बिनकामाचा, कारण विभक्ती आता काही जुन्या ठरीव शब्दप्रयोगांतच उरली आहे. अनेकवचनाला लिंगाची चिठ्ठीच लावत नाहीत. तिथे सगळेच शब्द 'द' घेतात. खरी डोकेदुखी एकवचनातल्या लिंगाची. नामाआधी 'द' येतो किंवा 'हेत'. 'हेत'वाले नपुंसकलिंगी. 'द'वाल्यांत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग दोन्ही एकत्र, आणि त्यांना चिठ्ठीही एकच.

लघुरूपाची गंमत तर अगदी आपल्या घरची. खुर्ची 'द स्तूल', पण छोटी खुर्ची 'हेत स्तूल्त्ये'. शेवटी 'ये' लागला की कोणताही शब्द नपुंसकलिंगी. म्हणून मुलगी, 'मेइश्ये', तीही 'हेत'. हे सांगताना सूनबाई जरा ओशाळली. आम्ही म्हटले, त्यात काय? आमच्याकडे लेकरू ते, पाखरू ते, आणि दक्षिण कोकणात तर चेडू, म्हणजे मुलगीच, ते.

नामाआधी नुसता 'एन', म्हणजे 'एक', आला की लिंग झाकले जाते. मग विशेषणाकडे पाहायचे: मोठे पुस्तक 'एन ख्रोत बूक', मोठे टेबल 'एन ख्रोते ताफल'. एवढ्याशा 'ए'वरून निकाल. आणि पाहावेच लागते. 'हेत पात' म्हणजे पायवाट, 'द पात' म्हणजे बेडकाचा एक खरखरीत भाऊबंद. यंत्राने गल्लत केली तर माणूस वाटेऐवजी त्याच्यावरून चालू लागेल!

काही शब्द मात्र दोन्हीकडचे. आमच्या पेशातलाच 'मात्रास', गादी. 'द' म्हणा नाहीतर 'हेत', दोन्ही बरोबर, अर्थही तोच. अशा वेळी एक लिंग न निवडता रकान्यात नुसते 'लिंग' एवढेच लिहून ठेवायची सोय आहे. हे आम्हांला फार पटले. ताप मोजला नसेल तर तक्त्यावर ठिपका काढायचा नाही, हे नर्सला पहिल्या महिन्यातच शिकवतात. आमचे यजमान हिशेबनीस होते, त्यांना अनिश्चित रकाना बघवत नाही. दोन रात्री जेवताना यावरूनच वाद झाला.

एका चिठ्ठीबद्दल मात्र आमचे मन अजून राजी नाही. 'ताफल' मूळचा स्त्रीलिंगी. फ्लँडर्समध्ये आजही पुष्कळ लोक टेबलाला 'ती' म्हणतात. उत्तरेकडे सर्रास 'तो'. गाईलासुद्धा 'तो' म्हणणारे आहेत. दोघांना एकच चिठ्ठी लावली तर दक्षिणेकडच्या माणसाला जे ठाऊक आहे ते कोठारात उतरणार कसे? १९५४ सालच्या अधिकृत शब्दसूचीत, तिला तिथे हिरवे पुस्तक म्हणतात, अशा शब्दांपुढे स्त्रीलिंगाची खूण आणि कंसात पुल्लिंगाची खूण होती. सूनबाई म्हणते, ते कोशाचे काम. आमच्या चिठ्ठीने वाक्यात दिसते तेवढेच सांगायचे. असेल. पण इस्पितळाच्या भांडारात चिठ्ठी नसलेल्या बाटलीचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. ती आधी मागच्या फळीवर जाते आणि मग कचऱ्यात.

एके दिवशी तिने आमच्यासाठी मुद्दाम काही शब्द काढून ठेवले. 'मोकुम' हे अ‍ॅमस्टरडॅमचे लाडके नाव, आपला 'माकोम'. 'खाबर' म्हणजे मित्र, आपला 'हावेर'. 'बायेस' म्हणजे तुरुंग, आणि तो चक्क 'बायित'! 'पोनेम' म्हणजे चेहरा, 'पानिम'वरून. हिब्रूत तो अनेकवचनी, डचमध्ये एकवचनी झाला आणि 'हेत'कडे गेला. हे शब्द यिद्दिश बोलणाऱ्या यहुद्यांकडून आले. १९४० साली नेदरलँड्समध्ये सुमारे १ लाख ४० हजार यहुदी होते. त्यांतले १ लाखाहून अधिक मारले गेले. आज ट्राममध्ये शेजारी बसलेला तरुण 'खाबर' म्हणतो, तेव्हा तो शब्द कुणाचा हे त्याला ठाऊक असतेच असे नाही.

त्या रात्री आम्हांला झोप नीट लागली नाही. लोदची आमची नातवंडे 'तो घर' म्हणतात. हिब्रूत तिसरे लिंग नाही आणि 'बायित' पुल्लिंगी, मग घराचे 'ते' त्यांच्या कानी टिकणार कसे? सकाळी सूनबाईला हे सांगितले, तर तिने एक वही आणली आणि तिच्यात मराठीसाठी रकाने आखले. पहिला शब्द तिनेच दारावरचा निवडला: मेझुझा. तो, ती की ते? सासूबाई 'ती' म्हणत, हिब्रूप्रमाणे. आमच्या माहेरी 'तो मेझुझा', दरवाजासारखा. तिने दोन्ही लिहिले. यजमानांनी मान हलवली, पण बोलले नाहीत.

परत येईपर्यंत चाळीस शब्द झाले. 'मलिदा'ला क्षणही लागला नाही. 'हब्दाला' मात्र अडला आहे. लोदला तीन घरी विचारले. दोन घरी 'तो', एका घरी 'ती'. दिमोनाच्या मावशींना अजून विचारायचे आहे.